पन्नास पैशांचा फरक आणि सहा रविवार: पणजीतील एका कार्यशाळेचे परीक्षण

म्हापशाच्या आमच्या छोट्या कार्यालयात सहकारी पतसंस्थांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार होते. गेल्या वर्षी एका पतसंस्थेच्या वयस्कर लेखनिकाने सात मुदत ठेवींची यादी आमच्यापुढे ठेवली. त्यांनी हाताने काढलेले व्याज आणि आमच्या प्रणालीने काढलेले व्याज यांत प्रत्येक खात्यावर बरोबर एक रुपयाचा फरक होता. रक्कम क्षुल्लक असली तरी पतसंस्थेत एक रुपयाचा फरक क्षुल्लक मानत नाहीत, आणि मानूही नये. मी दोन दिवस व्याजाचा सगळा कोड ओळीओळीने वाचून काढला. सूत्र बरोबर होते, दिवसांची मोजणी बरोबर होती, व्याजदरांचा तक्ताही बरोबर होता. फरक मात्र कायम राहिला.

त्याच सुमारास पणजीत सांतिनेजला भरणाऱ्या एका कार्यशाळेची माहिती मिळाली. विषय होता सॉफ्टवेअरच्या प्रश्नांसाठी संगणकीय विचारपद्धती. सहा रविवार, सकाळी साडेनऊ ते एक, शुल्क सहा हजार रुपये आणि विद्यार्थ्यांना निम्मे. शिकवणारे दोघे होते: अभियांत्रिकी महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर आणि अनेक वर्षे मोठ्या प्रणालींवर काम केलेल्या एक बाई. प्रवेशाची अट एकच होती. प्रत्येकाने आपल्या कामातला, अजून न सुटलेला एक खरा प्रश्न घेऊन यायचे. मी माझी सात खाती घेऊन गेले. ही कार्यशाळा कोणी करावी, कोणी करू नये, आणि तिच्यात काय कमी पडते, हे मी येथे लिहीत आहे.

'संगणकीय विचार' हा शब्दप्रयोग गणिती व संगणकतज्ज्ञ सेमूर पेपर्ट यांनी १९८० मध्ये केला होता. तो सर्वदूर पोहोचला तो संगणकशास्त्रज्ञ जेनेट विंग यांच्या मार्च २००६ मधील छोट्याशा लेखामुळे. प्रश्न असा मांडायचा की त्याचे उत्तर पायऱ्यापायऱ्यांनी काढता यावे, ही माणसाची विचार करण्याची रीत आहे आणि प्रोग्राम लिहिणे हा तिचा केवळ एक भाग आहे, असे त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येईल. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही ही संज्ञा गणिताच्या बरोबरीने आली आहे. त्यामुळे शाळांसाठीच्या पुस्तकांत आता तिचे चार भाग सर्रास दिसतात: विघटन (प्रश्नाचे तुकडे पाडणे), आकृतिबंध ओळखणे, अमूर्तीकरण (अनावश्यक ते गाळणे) आणि अल्गोरिदम (उत्तराच्या पायऱ्या). कार्यशाळेच्या माहितीपत्रकावरही हेच चार शब्द चार रंगांत छापलेले होते, आणि ते पाहून मी जवळजवळ परत फिरले होते. चौदा वर्षे प्रोग्रामिंग केलेल्या माणसाला शाळेतल्या पुस्तकातले चार शब्द काय शिकवणार, असे मला वाटले. पहिल्या रविवारी दुपारपर्यंत ते मत बदलले.

त्या दिवशी कोणालाही लॅपटॉप उघडू दिला नाही. प्रत्येकाने आपला प्रश्न कागदावर तीन भागांत लिहायचा होता: काय दिलेले आहे, काय हवे आहे, आणि मधल्या सगळ्या काळात कोणती अट मोडता कामा नये. मी 'व्याज चुकते' एवढेच लिहिले. सरांनी कागद परत दिला. "ताई, चुकते कुठे? कुठे चुकत नाही? दोन्ही लिहा," असे ते म्हणाले. मला फक्त चुकलेल्या खात्यांची यादी ठाऊक होती. न चुकलेल्या खात्यांकडे पाहावे असे मला दोन दिवसांत एकदाही सुचले नव्हते.

घरी येऊन मी त्या पतसंस्थेच्या नोंदींतून पूर्णांकात न आणलेले, म्हणजे पैशांसहित असलेले व्याज काढले. सातही चुकलेल्या खात्यांत रुपयांनंतर नेमके पन्नास पैसे होते. उदाहरणार्थ, एका खात्यावर १,३१२ रुपये ५० पैसे व्याज होत होते. पतसंस्थेच्या नियमानुसार पन्नास पैसे किंवा अधिक असल्यास पुढचा रुपया धरतात, म्हणजे १,३१३. आमची प्रणाली १,३१२ देत होती. एवढ्यावर मी खूश झाले असते, पण 'कुठे चुकत नाही' हा प्रश्न डोक्यात होता, म्हणून पन्नास पैशांवर संपणारी सगळीच खाती काढली. ती सोळा निघाली. त्यांपैकी नऊ बरोबर होती.

दुसऱ्या रविवारी ही सोळा आकड्यांची यादी फळ्यावर गेली. फर्मागुढीला शिकणाऱ्या एका मुलाने ती मिनिटभर पाहिली आणि सांगितले की चुकलेल्या सातही रकमांतले रुपये सम आहेत आणि बरोबर आलेल्या नऊ रकमांतले विषम. तेथून उत्तर फार दूर नव्हते. पायथन या भाषेच्या जुन्या, दुसऱ्या पिढीत 'राउंड' हे फंक्शन अर्ध्याला शून्यापासून दूर, म्हणजे आपल्या व्यवहारी रीतीने वर नेत असे. तिसऱ्या पिढीत ते अर्ध्याला जवळच्या सम संख्येकडे नेते. १,३१२.५० चे १,३१२ होतात आणि १,३१३.५० चे १,३१४. यात भाषेची चूक नाही. लाखो आकडे सतत वरच्या बाजूला नेले तर बेरीज हळूहळू फुगत जाते, ती फुगू नये म्हणून हा नियम आहे, आणि अपूर्णांकांच्या संगणकीय गणितासाठी १९८५ पासून चालत आलेल्या मानकातही तोच मूळ नियम आहे. पण पतसंस्थेचा नियम वेगळा होता आणि तो आमच्या कोडमध्ये कोठेही शब्दांत लिहिलेला नव्हता. तो भाषेच्या एका सवयीवर सोपवलेला होता, आणि भाषेने सवय बदलली.

पुढची पायरी या कार्यशाळेने फार नेमकी शिकवली. कारण समजले होते, पण ते आमच्या कोडमध्ये केव्हा शिरले, आणखी कोठे परिणाम झाला, हे कळणे आवश्यक होते. आमच्याकडे त्या काळातले सुमारे चारशे कमिट, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदी, होते. या नोंदी ठेवणाऱ्या गिट या साधनात 'बायसेक्ट' नावाची आज्ञा आहे. ती मधला कमिट काढून देते, आपण तो तपासून बरोबर की चूक ते सांगायचे, आणि दर वेळी उरलेला निम्मा भाग बाद होतो. दोनाचा नववा घात ५१२ असल्यामुळे चारशे कमिटांसाठी नऊ तपासण्या पुरतात. ही आज्ञा मला माहीत होती, तरीही मी ती वापरली नव्हती, कारण 'व्याज चुकते' हे वाक्य तपासता येत नाही. '१,३१२.५० चे १,३१३ झाले पाहिजेत' हे वाक्य तपासता येते. आकृतिबंध सापडला म्हणून तपासणी लिहिता आली, आणि तपासणी लिहिता आली म्हणून शोध यांत्रिक झाला. व्याजाचा भाग नव्या पायथनवर नेणारा कमिट अर्ध्या तासात हाती आला. प्रत्येक कमिटसोबत त्या वेळची पायथनची आवृत्ती नोंदवण्याची शिस्त आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने लावली होती, म्हणूनच हे शक्य झाले.

बाईंनी याच ठिकाणी एक इशारा दिला, जो मला आवश्यक वाटतो. निम्मे निम्मे करत शोधण्यासाठी एक अट असते: एकदा बिघडलेली गोष्ट शेवटपर्यंत बिघडलेलीच राहिली पाहिजे. चूक मध्ये दुरुस्त होऊन पुन्हा शिरली असेल तर हा शोध खुशाल भलत्याच कमिटकडे बोट दाखवतो. ओघात त्यांनी २००६ मधली एक प्रसिद्ध हकिकत सांगितली. जावा भाषेच्या अधिकृत संग्रहातल्या द्विभाजन शोधात तब्बल नऊ वर्षे एक चूक राहिली होती. मधला क्रमांक काढण्यासाठी आरंभ आणि शेवट यांची बेरीज करून तिला दोनाने भागले जाई, आणि यादी फार मोठी असली तर ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेच्या पलीकडे जाऊन ऋण होई. सॉफ्टवेअर अभियंते जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे लिहून दाखवली. कागदावर अल्गोरिदम निर्दोष होता. यंत्रातली संख्या कागदावरच्या संख्येसारखी अमर्याद नसते, एवढेच लक्षात राहिले नव्हते.

तिसऱ्या रविवारी सकाळी वर्ग खोलीत भरलाच नाही. आम्हां बावीस जणांना जुने गोव्याला, व्हाइसरॉयच्या कमानीपुढच्या धक्क्यावर नेण्यात आले, आणि दिवाडी बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीची रांग वहीत उतरवण्यास सांगितले. दिवाडीला पूल नाही, त्यामुळे गाडी न्यायची तर फेरीबोटीवाचून गत्यंतर नाही. माझ्या मते संपूर्ण कार्यशाळेतले सर्वांत चांगले तीन तास हे होते. आरंभी प्रत्येकाने दिसेल ते लिहिले: गाड्यांचे प्रकार, भरती-ओहोटी, तिकीट काढणारा कर्मचारी, मध्येच घुसणाऱ्या दुचाक्या, मासळीची टोपली घेऊन चढणाऱ्या बाया. मग प्रश्न असा दिला की रांगेतल्या शेवटच्या गाडीला किती वेळ थांबावे लागेल. या प्रश्नासाठी लागत नाही ते खोडायचे. बहुतेक सर्वांनी दुचाक्या खोडल्या, कारण रांग मोटारींची होती. आमचा अंदाज मात्र प्रत्यक्षापेक्षा बराच कमी आला. दुचाक्या रांगेत उभ्या राहत नाहीत हे खरे, पण त्या बोटीवरची जागा घेतात, आणि तेवढ्या मोटारी मागे राहतात. जे खोडले होते ते परत घ्यावे लागले.

अमूर्तीकरण म्हणजे अनावश्यक ते गाळणे, ही व्याख्या मी अनेकदा वाचली होती. काय गाळले याची नोंद ठेवणे आणि उत्तर चुकले की आधी त्या नोंदीकडे पाहणे, हा तिचा दुसरा अर्धा भाग मला त्या धक्क्यावर कळला. दुपारी वर्गात परतल्यावर त्यावर थोडे गणित झाले. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला एक साधा नियम आहे: रांगेतली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले सरासरी थांबण्याचा काळ. समजा तासाला २७ गाड्या येतात आणि सरासरी ९ गाड्या उभ्या असतात, तर एका गाडीला सरासरी वीस मिनिटे थांबावे लागते. गाड्या कोणत्या क्रमाने किंवा किती अनियमितपणे येतात, याने काही फरक पडत नाही. दीर्घकाळाची सरासरी स्थिर असली की पुरे. हाच नियम एका सहभागी मित्राच्या प्रश्नाला जसाच्या तसा लागू पडला. त्याचे पर्यटकांसाठीचे संकेतस्थळ डिसेंबरच्या गर्दीत अडखळत असे आणि तो दरवर्षी अधिक मोठा सर्व्हर भाड्याने घेत असे. त्याच्या डेटाबेसला एका वेळी दहाच जोडण्या होत्या आणि प्रत्येक मागणी एक जोडणी सुमारे २०० मिलिसेकंद अडवून ठेवत होती. दहा भागिले ०.२, म्हणजे सेकंदाला पन्नास मागण्या. धक्क्यावर आणखी गाड्यांसाठी जागा केली म्हणून बोट मोठी होत नाही, हे त्याने स्वतःच फळ्यापाशी जाऊन सांगितले.

चौथ्या रविवारचा पहिला भाग कामांच्या क्रमाविषयी होता. उदाहरण घेतले होते चवथीचे, म्हणजे गणेशचतुर्थीचे: गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीची लाकडी चौकट आधी बांधायची, मग तिला फळे-पाने लावायची, ती लागल्यावर तिच्याखाली आसन मांडायचे आणि मूर्तिकाराच्या चित्रशाळेतून आणलेली मूर्ती त्यानंतर बसवायची. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे याचे बाण काढले की क्रम आपोआप निघतो, आणि बाण फिरून स्वतःकडेच आले तर क्रम अशक्य ठरतो. आर्थर कान यांची १९६२ ची पद्धत याच रीतीने चालते, आणि स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेले 'मेक' हे साधनही अशाच बाणांवर उभे आहे. हा भाग चांगला होता, परंतु अनुभवी माणसाला त्यात नवे फारसे नाही.

त्यानंतरचा दीड तास आणि पाचव्या रविवारचा बराचसा वेळ माझ्या दुसऱ्या प्रश्नावर गेला. तो प्रश्न गोव्यात हिशेबाचे किंवा नोंदींचे सॉफ्टवेअर करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी भेटतोच, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहिते. एकाच माणसाचे नाव दोन वळणांनी लिहिलेले असते. जुन्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळण असते आणि नव्या ओळखपत्रावर इंग्रजी वळण. जुन्या वळणात 'शेट' एक्सने सुरू होतो, 'केंकरे' क्यूने सुरू होतो, 'नाईक' क्यू-यू-ई या अक्षरांनी संपतो, 'प्रभू' चा 'पोरोबो' होतो, 'पै' चा 'पोय' आणि 'कामत' चा 'कामोतीं'. पतसंस्थेत एकच ठेवीदार या कारणाने दोनदा नोंदला जातो. बारा हजार ठेवीदारांमधून अशा जोड्या शोधायच्या होत्या.

मी सुरुवातीला लिहिलेला प्रोग्राम प्रत्येक नाव प्रत्येक नावाशी ताडून पाहत होता. बारा हजार नावांच्या जोड्या सुमारे सात कोटी वीस लाख होतात, आणि त्या ताडायला रात्र पुरत नव्हती. येथे विघटन उपयोगी पडले. नावांना उच्चाराचा एक छोटा संकेतांक द्यायचा आणि एकाच संकेतांकाची नावेच आपसांत ताडायची. समजा वीस-वीस नावांचे सहाशे गट पडले, तर ताडण्याच्या जोड्या फक्त १,१४,००० उरतात.

संकेतांकासाठी 'साउंडेक्स' ही रीत घेतली, जिचे पेटंट अमेरिकेत १९१८ मध्ये दिले गेले. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, स्वर टाकायचे, उरलेल्या व्यंजनांना सहा गटांतले अंक द्यायचे आणि तीन अंक झाले की थांबायचे. आम्ही हे वर्गात हाताने केले आणि निकाल पाहून सगळेच सरसावून बसले. 'नाईक' ची दोन्ही वळणे 'एन-२००' वर आली. 'प्रभू' आणि 'पोरोबो' ही दिसायला इतकी वेगळी नावे दोन्ही 'पी-६१०' वर आली. 'पै' आणि 'पोय' ही जुळली. परंतु 'शेट' चे एक वळण 'एस-३००' आणि दुसरे 'एक्स-३००' झाले. 'केंकरे' चे 'के-५२६' आणि 'क्यू-५२६'. 'कामत' चे 'के-५३०' आणि 'सी-५३५'. जेथे जुळले नाही तेथे बिघाड बहुतेक पहिल्याच अक्षरात होता, कारण ही रीत पहिल्या अक्षराला हात लावत नाही, आणि पोर्तुगीज व इंग्रजी वळणांचा झगडा नेमका तेथेच आहे.

उपाय असा निघाला की संकेतांक काढण्यापूर्वी नाव एका चाळणीतून काढायचे. एक्सचे एस-एच करायचे, 'ए', 'ओ' यांच्या आधी आलेल्या सीचे के करायचे, 'ई' व 'आय' यांच्या आधी आलेल्या क्यू-यूचेही के करायचे, आणि शेवटच्या अनुनासिकासाठी लिहिलेला एम सोडून द्यायचा. एवढ्या चार नियमांनी वर सांगितलेली सगळी नावे जुळली. कामोतींचा 'सी-५३५' जाऊन 'के-५३०' झाला.

पण खरी चर्चा यानंतर झाली. नाव जुळले म्हणजे माणूस एक झाला असे नाही. गोव्यात नाईक हे आडनाव किती सामान्य आहे हे येथे सांगायला नको. दोन नोंदी एका माणसाच्या असूनही वेगळ्या राहिल्या तर गैरसोय होते. दोन वेगळ्या माणसांच्या ठेवी एकत्र झाल्या तर अनर्थ होतो. या दोन चुकांची किंमत सारखी नाही, म्हणून प्रोग्रामने फक्त संशयित जोड्या सुचवायच्या, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि गाव शेजारी दाखवायचे, आणि निर्णय लेखनिकाने घ्यायचा. 'कोणती अट मोडता कामा नये' या पहिल्या रविवारच्या प्रश्नाचे उत्तर मला येथे पाचव्या रविवारी मिळाले: कोणतीही ठेव माणसाच्या संमतीवाचून दुसऱ्या खात्यात जाता कामा नये.

कोडची विभागणी करताना बाईंनी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांच्या १९७२ च्या निबंधाचा आधार घेतला. बहुतेक प्रोग्रामर कामाच्या पायऱ्यांप्रमाणे मॉड्यूल, म्हणजे कोडचे स्वतंत्र भाग, पाडतात: वाचा, स्वच्छ करा, ताडा, छापा. पार्नास यांचे म्हणणे असे की पुढे बदलू शकेल असा प्रत्येक निर्णय एका मॉड्यूलच्या आत लपवावा, म्हणजे तो बदलला तरी बाकीच्यांना हात लावावा लागत नाही. आमच्याकडे वळणाचे नियम चार ठिकाणी विखुरले होते. आता ते एका मॉड्यूलमध्ये आहेत, आणि उद्या 'एक्स' चा आणखी एखादा चमत्कार सापडला तर एकच फाइल उघडावी लागेल. पन्नास पैशांचा नियमही त्याच दिवशी मी एका छोट्या फंक्शनमध्ये नेला, दशांश गणितासाठी असलेला 'डेसिमल' प्रकार वापरला आणि अर्धे वर न्यायचे हे स्पष्ट शब्दांत लिहिले.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत मोठी म्हणजे चाचणीला मिळालेला वेळ. सहा रविवारांत तिच्या वाट्याला जेमतेम एक तास आला. चारशे कमिटांतून चूक शोधता आली ती एका तपासणीमुळे, हे दुसऱ्या रविवारी सर्वांनी पाहिले होते. मग तपासणी कशी लिहावी, सीमेवरची उदाहरणे कशी निवडावी, हे स्वतंत्रपणे शिकवायला हवे होते.

दुसरी उणीव शेवटच्या रविवारच्या व्याख्यानाची. एरियान ५ हे अग्निबाण ४ जून १९९६ रोजी उड्डाणानंतर सुमारे ३७ सेकंदांत भरकटून नष्ट झाले, याची कथा सांगितली गेली. ६४ बिटांची अपूर्णांकी संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात मावली नाही, एवढे कारण देऊन विषय संपवला. ते कारण खरे आहे, पण अपुरे आहे. तो कोड एरियान ४ साठी लिहिलेला होता, आणि त्या अग्निबाणाच्या मार्गावर आडव्या वेगाशी निगडित ती संख्या मर्यादेबाहेर जाणार नाही असे गृहीत धरलेले होते. एरियान ५ चा मार्ग वेगळा होता, आणि गृहीतक मात्र कोडबरोबर गुपचूप पुढे आले. दिवाडीच्या धक्क्यावर आम्ही खोडलेल्या दुचाक्यांची आणि या गृहीतकाची जात एकच आहे. हा दुवा वर्गात जोडला गेला असता तर तिसरा आणि सहावा रविवार एकमेकांत गुंफले गेले असते. एवढ्या चांगल्या शिक्षकांकडून तो निसटला याचे मला वाईट वाटले.

बावीस जणांची तुकडी दोन शिक्षकांना जड जाते. माझ्या प्रश्नांना भरपूर वेळ मिळाला, याचा अर्थ दुसऱ्या कोणाच्या तरी प्रश्नाला कमी मिळाला, आणि मडगावहून येणाऱ्या दोन मुलींचा प्रश्न शेवटपर्यंत फळ्यावर आलाच नाही. त्यांनी शुल्क तेवढेच भरले होते. हस्तलिखित टिपणांत मराठी संज्ञा स्थिर नाहीत: एका पानावर 'रीतिबंध', दुसऱ्यावर 'अल्गोरिदम', तिसऱ्यावर 'कार्यविधी'. शिकवणे मराठी, कोंकणी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणातून होते, त्यास माझी हरकत नाही, पण लिहिलेल्या कागदावर एका गोष्टीला एकच शब्द हवा. चार रंगांतले ते माहितीपत्रकही काढून टाकावे. चारही भाग सारख्या वजनाचे आहेत असा समज त्यातून होतो, आणि प्रत्यक्ष कामात अमूर्तीकरणाला लागणारे कष्ट बाकी तिघांच्या एकत्रित कष्टांहून अधिक असतात.

शेवटच्या रविवारी वर्णनावरून कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने वापरण्याची मुभा होती. माझा नावांचा प्रश्न एका साधनाला दिला. काही क्षणांत त्याने नीटनेटका, चालणारा, साउंडेक्स वापरणारा कोड दिला. एक्सने सुरू होणाऱ्या शेटांचा त्यात पत्ता नव्हता, कारण मी तो सांगितला नव्हता. सांगितल्यावर त्याने तोही हाताळला. ठेवी आपोआप एकत्र करू नयेत हेही मलाच सांगावे लागले.

ज्यांना अजून एकही भाषा धड येत नाही त्यांनी येथे येऊ नये, कारण उदाहरणे सगळी पायथनमध्ये आहेत आणि लूप, फंक्शन येत असल्याचे गृहीत धरलेले आहे. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षापासून पुढचे विद्यार्थी आणि दोन-तीन वर्षे काम केलेले प्रोग्रामर यांना सर्वाधिक लाभ होईल. माझ्यासारख्या जुन्या माणसांनी स्वतःचा न सुटलेला प्रश्न खरोखर जवळ असेल तरच जावे. उसना किंवा रचलेला प्रश्न घेऊन आलेले तिघे माझ्या तुकडीत होते आणि ते चौथ्या रविवारनंतर दिसले नाहीत. सहा हजार रुपये मला जास्त वाटले नाहीत, पण तुकडी पंधरावर आणावी आणि चाचणीला पूर्ण रविवार द्यावा, असे मी संयोजकांना लिहून दिले आहे.

त्या सात खात्यांवर एक-एक रुपया जमा झाला असून लेखनिकांनी नोंदवहीत प्रत्येकापुढे बरोबरची खूण केली आहे. नावांच्या संशयित जोड्यांची पहिली यादी सध्या त्यांच्याच टेबलावर आहे आणि ते रोज दहा-पंधरा जोड्या तपासतात. कार्यशाळेची पुढची तुकडी चवथीनंतर सुरू होणार आहे. आमच्या कार्यालयातून दोघांची नावे मी दिली आहेत, आणि आपापला अडलेला प्रश्न कुठे चुकतो आणि कुठे चुकत नाही, हे दोघांनाही आताच कागदावर लिहायला बसवले आहे.